म्हातारीकडे काय आहे? गोष्टीच्या तासातून आत्मसन्मान

चौथी-पाचवीसाठी 40 मिनिटांचा एक तास पुरतो. कर्नाटकातल्या खानापूर-निपाणीकडच्या लहान मराठी शाळेत पुस्तकाची एकच प्रत असली तरी अडत नाही, गोष्ट मोठ्यानं वाचायचीच आहे.

गोष्ट मात्र जपून निवडा. कुरूप बदकाची गोष्ट (अँडरसन, 1843) सगळ्यांना आधी आठवते, पण त्या पिल्लाला मान मिळतो तो राजहंस निघाल्यामुळे. जे बदकच राहणार, त्यानं काय करायचं? त्यापेक्षा भोपळ्यातली म्हातारी बरी. ती शेवटपर्यंत म्हातारीच राहते आणि वाघाला चकवते.

वाघ आडवा येतो तिथं वाचन थांबवा. फळ्यावर दोन रकाने आखा: ‘म्हातारीकडे नाही’ आणि ‘म्हातारीकडे आहे’. पहिला झटकन भरतो. दुसऱ्याला वेळ लागतो. उत्तर पुरवू नका. ‘बोलायला येतंय की तिला!’ असं कुणीतरी म्हणेपर्यंत थांबा. याच वेळी मुलांची बोली सुधारायचा मोह आवरा. ‘काय करालास’ला मध्येच ‘काय करतोस म्हण’ केलं की वर्ग हसतो आणि ते मूल पुन्हा तोंड उघडत नाही. कन्नड शब्द आला तर तोही तसाच फळ्यावर लिहा.

उरलेली गोष्ट वाचा आणि शेवटची 10 मिनिटं वहीला द्या: मला जमणारं एक काम, आणि ते मी कसं करतो. ‘मी हुशार आहे’ आलं तर ‘कशात?’ विचारा. शेळीची धार काढणं, आजीला बसवरचा कन्नड बोर्ड वाचून दाखवणं, असं काहीतरी हवं. शाबासकीही तशीच नेमकी द्या. म्यूलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांच्या 1998च्या अभ्यासात ‘हुशार’ म्हणून कौतुक झालेली पाचवीतली मुलं अपयशानंतर लवकर हातपाय गाळत होती. मेहनतीचं कौतुक झालेली टिकून राहिली.

‘तुलाही असं वाटतं का?’ हे वर्गासमोर कधीच विचारू नका. म्हातारीच्या आडून मुलं मोकळं बोलतात. तो आडोसा काढला की गप्प होतात. वहीतलं वाचून दाखवायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. वहीत मारहाण किंवा उपासमार दिसली, तर ते पान वर्गात वाचू नका. मुलाशी एकट्यानं बोला, मुख्याध्यापकांना सांगा, गरज पडल्यास मुलांसाठीच्या 1098 या मदत क्रमांकावर फोन करा.

वह्यांना गुण देऊ नका, सगळ्यात छान वही निवडू नका. नंबर आला की मुलं पुढच्या वेळी बाईंना आवडेल तेच लिहितात.