उसाच्या रानात ॲप रुळवताना

शिरोळ तालुक्यात आमचा 14 एकर ऊस. हजेरी, खत, पाण्याची पाळी एका जागी राहावी म्हणून शेतीचं ॲप घेतलं आणि सुरू केलं नेमकं जुलैत, आडसाली म्हणजे पावसाळ्यातल्या ऊस लागणीच्या घाईत. पंधरा दिवसांत सगळे परत वहीवर. मुकादम मामा वहीत लिहायचे, रात्री मी ते मोबाईलवर चढवायचो.

मोठी बांधणी, म्हणजे उसाच्या बुडाला मातीची भर देणं, उरकल्यावर पुन्हा सुरुवात केली. आधी नावं बदलली. ॲपमध्ये 'प्लॉट 3, हेक्टर 0.6' असं होतं. आमच्या माणसांच्या तोंडी 'विहिरीकडचा तुकडा, 60 गुंठे'. तसंच भरलं. लोकेशन बंद केलं, कारण आपल्यावर पाळत ठेवतात असं कामावरच्या बायकांना वाटत होतं, आणि ते चुकीचं नव्हतं. खत, पाणी बाजूला ठेवून नुसती हजेरी घेतली. मामांचे हात चिखलाने भरलेले, बोटाला स्क्रीन दाद देईना, म्हणून बोलून नोंद करायची सोय लावली.

वही मात्र महिनाभर चालूच ठेवली. खरा फरक पडला पगाराच्या दिवशी. भांगलणीला, म्हणजे तण काढायला, येणाऱ्या एका मावशींचा बुधवार वहीत राहून गेला होता, ॲपमध्ये होता. मी पैसे दिले. त्यांनी मोबाईल हातात घेऊन स्वतःचं नाव दोनदा वाचलं.

पुढच्या सोमवारी रानात पाय ठेवताच त्यांनीच विचारलं, "दादा, माझं आजचं लागलं का?"

खताच्या नोंदी आता मामा स्वतः करतात. पाण्याच्या पाळीचं अजून जमायचंय. रात्रीच्या विजेवर मोटार कधी सुरू झाली, हे सकाळीच आठवून भरावं लागतं.