स्क्रीन रीडरला वाचता येतील अशा नोट्स तयार करण्याची पद्धत

दृष्टिहीन किंवा अल्पदृष्टी विद्यार्थ्याने महाविद्यालयात प्रवेश घेतला की चर्चा बहुधा उपकरणांपासून सुरू होते. मजकूर बोलून दाखवणारी साधने, म्हणजे स्क्रीन रीडर, मात्र आज विनामूल्य मिळतात. विंडोजसाठीचा एनव्हीडीए हा मुक्त स्क्रीन रीडर २००६ पासून विकसित होत आहे, अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आणि ॲपलच्या उपकरणांत व्हॉइसओव्हर असतो. खरी अडचण त्यानंतर येते, ती शिक्षकांनी पाठवलेल्या फाइलमुळे. म्हणून फाइल तयार करणाऱ्या प्रत्येकाने पुढील गोष्टी शिकून घेणे मला अत्यावश्यक वाटते. त्यांसाठी तंत्रज्ञ असण्याची गरज नाही.

सर्वप्रथम एक साधी चाचणी करावी. आपली पीडीएफ उघडून तिच्यातील एक परिच्छेद माउसने निवडावा, कॉपी करावा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करावा. स्क्रीन रीडरच्या हाती साधारणपणे जे पडते, तेच नोटपॅडमध्ये दिसते. मजकूर निवडताच आला नाही, तर ते पान म्हणजे केवळ छायाचित्र आहे. पेस्ट केल्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग उमटली, तर मजकूर युनिकोडपूर्व (युनिकोड म्हणजे सर्व लिप्यांच्या अक्षरांसाठीची समान संगणकीय संकेतपद्धती) फाँटमध्ये टंकलेला आहे: पडद्यावर मराठी आकार दिसतात, पण आत साठवलेली अक्षरे वेगळीच असतात आणि विद्यार्थ्याला तीच ऐकू येतात. मराठी उमटली, पण वेलांट्या आणि जोडाक्षरे विस्कटली, तर दोष पीडीएफ बनवण्याच्या टप्प्यात आहे. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या नंतर साठवली जाते आणि दिसते मात्र त्याच्या आधी. पीडीएफमध्ये हा क्रम अनेकदा बिघडतो. मराठी मजकुराच्या बाबतीत पीडीएफसोबत मूळ वर्ड फाइलही द्यावी, असा माझा आग्रह यामुळेच आहे.

पान छायाचित्र असेल, तर ओसीआर, म्हणजे चित्रातील अक्षरे संगणकाकडून ओळखून घेण्याची प्रक्रिया, करावी लागते. गूगल ड्राइव्हवर ठेवलेली पीडीएफ गूगल डॉक्समध्ये उघडली की चित्रातील मजकुराचे अक्षरांत रूपांतर होते. टेसरॅक्ट हे मुक्त सॉफ्टवेअरही मराठी ओळखते. स्कॅन ३०० डीपीआयचे आणि सरळ असावे, पानाच्या कडेची सावली त्यात येऊ नये आणि पेन्सिलीच्या खुणा आधी खोडलेल्या असाव्यात. रूपांतरानंतर मुद्रितशोधन टाळू नये, कारण रफार, अनुस्वार आणि आकडे हमखास चुकतात आणि चुकलेला आकडा ऐकणाऱ्याला ओळखता येत नाही. जुन्या फाँटमधील मजकुरासाठी फाँट परिवर्तक वापरावा, तेथेही हीच दक्षता घ्यावी, आणि नवा मजकूर इन्स्क्रिप्ट किंवा अन्य युनिकोड कळफलकानेच टंकावा.

यानंतर शीर्षकांकडे वळावे. अक्षरे ठळक आणि मोठी केल्याने डोळ्यांना शीर्षक दिसते, स्क्रीन रीडरला मात्र तो साधाच मजकूर वाटतो. वर्डमधील ‘हेडिंग १’, ‘हेडिंग २’ या शैली वापरल्या, तर एनव्हीडीएच्या ब्राउझ मोडमध्ये (यात कळा टंकण्याऐवजी मजकुरात फिरण्यासाठी वापरल्या जातात) एच ही कळ दाबताच विद्यार्थी पुढच्या शीर्षकावर जातो, आणि इन्सर्टसह एफ ७ दाबल्यास शीर्षकांची यादी त्याच्यासमोर येते. चाळीस पानांच्या नोट्समधून परीक्षेच्या आदल्या रात्री एक व्याख्या शोधायची असेल, तर पहिल्या पानापासून ऐकत बसणे आणि नेमक्या जागी पोहोचणे यांतील फरक एवढ्या एका सवयीने पडतो. शेवटी पीडीएफ करताना ‘प्रिंट’ न वापरता ‘सेव्ह ॲज’ वापरावे, म्हणजे ही रचना फाइलमध्ये टिकते.

चित्रांचे वर्णन हे काम विषय जाणणाऱ्यानेच करायचे असते. चित्रावर उजवी क्लिक करून ‘अल्ट टेक्स्ट’ची चौकट उघडावी. तेथे ‘आकृती ३’ किंवा ‘आलेख’ असे लिहिल्याने काहीच कळत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘मागणीचा वक्र डावीकडून उजवीकडे उतरतो, पुरवठ्याचा वक्र चढतो; ते जेथे छेदतात ती समतोल किंमत.’ प्रश्नपत्रिकेत मात्र दिसते तेवढेच सांगावे, अन्यथा वर्णनातच उत्तर जाईल. निव्वळ शोभेचे चित्र ‘डेकोरेटिव्ह’ म्हणून नोंदवावे. गणिती सूत्रे चित्ररूपात चिकटवू नयेत. वर्डच्या इक्वेशन सुविधेने लिहिलेली सूत्रे एनव्हीडीएला मॅथकॅट या सूत्रे बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरची जोड दिल्यास नीट वाचली जातात.

अल्पदृष्टी विद्यार्थ्यांसाठी अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळ-गडदपणातील फरक (कॉन्ट्रास्ट) ठळक हवा. वेब सुगम्यतेच्या डब्ल्यूसीएजी मार्गदर्शक तत्त्वांत, एए पातळीवर, सामान्य आकाराच्या मजकुरासाठी हे प्रमाण किमान ४.५ : १ ठरवलेले आहे. ‘लाल रंगातील प्रश्न सोडवा’ अशी केवळ रंगावर टेकलेली सूचना देऊ नये. ध्वनिचित्रफितीला आपोआप तयार होणारी उपशीर्षके जोडली, तरी त्यांतील पारिभाषिक शब्द स्वतः दुरुस्त करावेत, कारण कर्णबधिर विद्यार्थी नेमके तेच वाचून शिकणार असतो.

वर्डमधील ‘रिव्ह्यू’ टॅबखालची ‘चेक ॲक्सेसिबिलिटी’ ही सोय राहून गेलेली वर्णने दाखवते, पण दिलेले वर्णन अर्थपूर्ण आहे का, हे तिला ठरवता येत नाही. ते विद्यार्थ्यालाच विचारावे. तासाच्या दोन-तीन दिवस आधी फाइल त्याच्याकडे पाठवावी, कोणत्या पानावर वाचन अडखळले ते जाणून घ्यावे आणि दुरुस्ती त्याच्या प्रतीत न करता मूळ फाइलमध्ये करावी, म्हणजे पुढच्या तुकडीतील विद्यार्थ्याला तीच तक्रार पुन्हा करावी लागणार नाही.