टोलेडोची लढाई आपल्याकडच्या पोरांना कशी सांगायची

गणपतीत नाहीतर वाचनालयात पोरांना जगाचा इतिहास सांगा म्हटलं की तेच वॉशिंग्टन आणि तेच नेपोलियन, मग मागच्या लायनीत मोबाईल निघणारच की. बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात अमेरिका-युरोपचं जुनं काही सांगायचं असेल तर सरळ हद्दीच्या भांडणापासून सुरू करा, इथलं शेंबडं पोरगंसुद्धा सीमा म्हटलं की कान टवकारतंय.

पहिली गोष्ट अमेरिकेतल्या टोलेडोचीच घ्या, ओहायो आणि मिशिगनचं हद्दीचं भांडण. साल १८३५. ओहायो १८०३ लाच राज्य झालेलं, मिशिगन अजून व्हायचं होतं. आधी फळ्यावर मिशिगन लेक उभं लांबट काढा, उजवीकडं एरी लेक. १७८७ च्या कायद्यात लिहिलेलं की मिशिगन लेकच्या दक्षिण टोकापासून पूर्वेला सरळ रेघ मारायची, पण त्या वेळच्या नकाशात ते टोक खऱ्यापेक्षा बरंच वर दाखवलेलं. आता दोन रेघा मारा, वरची ओहायोची, खालची मिशिगनची, आणि मधला पट्टा रंगीत खडूनं भरा. सुमारे १,२०० चौरस किलोमीटर. एरीच्या काठाला, मॉमी नदीच्या मुखाशी टोलेडो, तिथं बोटींचा कॅनॉल येणार, धंदा वाढणार, म्हणून दोघांचाही जीव त्याच्यावर. पोरांना समजेना झालं तर शेताचा बांध कोरण्याचं उदाहरण द्या, लगेच कळतंय.

नकाशावर फार रेंगाळू नका, माणसं आणा. मिशिगनचा कारभार बघणारा स्टीव्हन्स मेसन तेव्हा २३ वर्षांचा, त्याचं वय सांगून थांबा, कॉलेजची पोरं एकमेकांकडं बघतात. दोन्हीकडनं मिलिशिया, म्हणजे गावच्या लोकांची फौज, निघाली, आरडाओरडा झाला, हवेत बार काढले, पण मेलं कोणच नाही. युद्ध म्हणा, पण हे लगेच सांगून टाका, उगाच रक्ताचे पाट वाहवू नका. जखमी झाला तो एकटा जोसेफ वूड, मिशिगनकडचा डेप्युटी शेरीफ, अटक करायला गेला तर टू स्टिकनी नावाच्या माणसानं त्याला छोटा चाकू मारला आणि ओहायोत पळाला. टू म्हणजे खरंच टू, बापानं पोरांची नावं वन आणि टू ठेवलेली. इथं हसू देत, घाई करू नका, वूड वाचला हे नंतर सांगा.

मग रात्रीचं कोर्ट, ही माझी सगळ्यात आवडती जागा. टोलेडोवर आपलाच अधिकार आहे असं कागदावर दाखवायला ओहायोचे जज सप्टेंबरात मध्यरात्रीनंतर एक वाजता गुपचूप तिथं गेले, घाईघाईत कोर्ट भरवलं, क्लार्कनं रेकॉर्डचे कागद टोपीत कोंबले आणि मिशिगनवाले आले अशी आवई उठल्यावर सगळे पळत सुटले. वाटेत फांदीला लागून टोपीच पडली, परत जाऊन शोधून आणावी लागली. हे सांगताना कुणाची तरी टोपी मागून घ्या, फार चालतंय.

शेवट सांगायच्या आधी विचारा, जिंकलं कोण. पट्टा ओहायोला गेला, मिशिगनला बदल्यात अप्पर पेनिन्सुला, म्हणजे वरचा जंगली द्वीपकल्प दिला, आधी ते लोक कुरकुरले, शेवटी डिसेंबर १८३६ ला मान्य केलं, जानेवारी १८३७ ला राज्य झालं, आणि पुढं त्याच जंगलात तांबं आणि लोखंड निघालं.

वेळ उरला तर युरोपचं मोरेस्नेट घ्या, थोडक्यात. झिंकची खाण, प्रशिया आणि नेदरलँड्स दोघांनाही पाहिजे, कोणच सोडेना, म्हणून १८१६ ला एवढासा तुकडा न्यूट्रल ठेवला तो १९२० पर्यंत. किंवा अमेरिकेतली मेसन-डिक्सनची रेघ, पेन घराण्याचं पेनसिल्व्हेनिया आणि कॅल्व्हर्ट घराण्याचं मेरीलँड यांच्यातली हद्द, १७६३ ते १७६७, तिथले दगड इंग्लंडहून आणलेले, दर पाच मैलांच्या दगडावर एका बाजूला पेन घराण्याचं चिन्ह, दुसऱ्या बाजूला कॅल्व्हर्टचं, त्यातले बरेच अजून उभे आहेत, फोटो दाखवा.

आपल्या भांडणाशी जोडायला तुम्ही जाऊ नका. मागून कोणतरी काका महाजन अहवालावर उठणारच, त्यांना बोलू द्या, फक्त पाच मिनिटांनी माईक मागून घ्या. कन्नड मीडियमची पोरं असतील तर गावांची नावं फळ्यावर दोन्ही लिपीत लिहा, आणि एका दिवसाला दोनच गोष्टी, तिसरी घेतली की प्रसादाकडं डोळे लागतात.