मानेचे स्नायू: आधी आरसा, मग पुस्तक

बेळगावात नर्सिंग, फिजिओ शिकणाऱ्या पोरांनो, मानेचे स्नायू नुसते घोकू नका. आरशासमोर तोंड उजवीकडे वळवा आणि हनुवटीला हाताने उलटा रेटा द्या. डावीकडे दोरखंडासारखा उठतो तो स्टर्नोक्लायडोमास्टॉइड. नाव अगडबंब, पण पत्ता त्यातच आहे: छातीचं मधलं हाड, गळ्याचं हाड, कानामागचा उंचवटा. त्याला हलवते ती 11वी क्रेनियल नर्व्ह, म्हणजे कवटीतून बाहेर पडणारी नस.

स्केलीन म्हणजे मानेच्या बाजूचे खोलवरचे स्नायू, प्रत्येक बाजूला 3. पुढचा नि मधला पहिल्या बरगडीला, मागचा दुसऱ्या. पहिल्या दोघांच्या फटीतून हाताच्या नसांचं जाळं आणि सबक्लेव्हियन (गळ्याच्या हाडाखालची) धमनी जाते. सबक्लेव्हियन शीर मात्र पुढच्या स्केलीनच्याही पुढून. घसरायला होतं ते इथंच.

खानापूरच्या बसमध्ये शेजाऱ्याच्या वळलेल्या मानेवरही उजळणी होते, फक्त टक लावून बघू नका.