सीझनचा पहिला बर्फ आणि बॅककंट्री स्कीइंग: या चुका टाळा

पहिला बर्फ पडला की बॅककंट्री स्कीइंगची, म्हणजे रिसॉर्टच्या तयार उतारांबाहेर मोकळ्या डोंगरात स्की करायची, सगळ्यांना घाई होते आणि डोक्यात एकच हिशोब असतो, बर्फ कमी म्हणजे हिमस्खलनाचा धोकाही कमी. सगळ्यात मोठी चूक हीच. सुरुवातीला स्की करण्याइतका बर्फ असतो कुठे? उंचावर, सावलीतल्या उतारांवर आणि वाऱ्याने आणून भरलेल्या घळींमध्ये. आणि नेमका तिथेच आधीचा पातळ थर कित्येक दिवस न वितळता पडून असतो, खाली जमीन साधारण 0 अंशाला, वर कडक थंडी, त्यामुळे तळाचा बर्फ साखरेसारखा सुटा होतो, मुठीत दाबून गोळा होत नाही. त्यावर नवीन बर्फाचा स्लॅब, म्हणजे घट्ट एकसंध थर, बसला की झालंच, तो सगळा एकदम घसरू शकतो. म्हणजे जिथे बर्फ बघून तोंडाला पाणी सुटतंय, शंका आधी तिथेच घ्यायची.

खड्डा जमिनीपर्यंत खणा, या दिवसांत खणायला असतं तरी किती! तळाला तो सुटा बर्फ दिसला, किंवा चालताना धप्प आवाज होऊन पायाखालचं सगळं खचल्यासारखं वाटलं, तर 30 अंशांपेक्षा कमी उतारावरच राहा, आणि डोक्यावरही तीव्र उतार नको कारण स्खलन वरूनही येतं. छोटं असलं तरी ते दगडांवरून फरफटत नेतं, गाडले गेला नाहीत तरी हाडं मोडतात.

दगड, ओंडके वगैरे चार बोटं बर्फाखाली लपलेले असतात, सो स्पीड कमी. बास, याला दुसरा उपाय नाही.

आता सामान. ट्रान्सीव्हरमध्ये (बर्फात गाडलेल्या माणसाला शोधण्यासाठी सिग्नल देणारं आणि पकडणारं अंगावरचं यंत्र) बॅटरी वर्षभर तशीच राहिली असेल तर ती गळून आतले पॉइंट गंजलेले असू शकतात, म्हणून आदल्या रात्री नाही, आठवडाभर आधी उघडून बघा. निघताना सगळ्यांचे ट्रान्सीव्हर एकमेकांवर तपासा, सेंड (सिग्नल पाठवणं) आणि सर्च (सिग्नल शोधणं) दोन्ही. मोबाईल ट्रान्सीव्हरपासून सेंडमध्ये 20 सेंटीमीटर आणि सर्चमध्ये 50 सेंटीमीटर तरी लांब हवा. प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची जोडायची लांब काठी) आणि फावडं फक्त बॅगेत असून उपयोग नाही, गाडलेल्या माणसाची जगण्याची शक्यता पहिल्या 10-15 मिनिटांनंतर झपाट्याने घसरते, तेव्हा प्रोब जोडायचा कसा हे शोधत बसणार का?

स्किन, म्हणजे चढताना घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला चिकटवायची पट्टी, चिकटत नाहीये? स्कीचा तळ कोरडा पुसा, गोंदावरचा बर्फ खरवडा, स्किन थोडा वेळ जॅकेटच्या आत अंगाशी धरा, तरी निघालीच तर स्ट्रॅपने बांधा. स्किनखाली बर्फाचे गोळे जमत असतील तर उन्हातल्या ओल्या बर्फातून एकदम सावलीतल्या थंड बर्फात गेल्यामुळे ते होतं, खरवडून स्किन वॅक्स घासा, निघायच्या आधीच घासलेलं उत्तम.

पिन बाइंडिंगमध्ये (बुटाच्या भोकांत पिना अडकवून बूट स्कीला धरणारी पकड) बूट बसतोय पण लगेच सुटतोय, तर बाइंडिंगला शिव्या देण्याआधी टो पीसच्या, म्हणजे तिच्या पुढच्या भागाच्या, स्प्रिंगखाली बघा, तिथे बर्फ दाबून बसलेला असतो. काडीने काढा, बुटाची भोकंही साफ करा, पिनमध्ये अडकवून पाय पुढेमागे हलवा आणि मग टो लॉक करा. उतरायच्या आधी तो लॉक काढायला मात्र विसरू नका, कारण लॉक असताना पडलात तर स्की सुटत नाही आणि गुडघा जातो.