फ्रेंच लोक ‘फ्रेंच’ कसे झाले : हा धडा मी असा शिकवते

शिकवायला लागले त्या पहिल्याच वर्षी नववीतल्या एका मुलीने विचारलं, “बाई, १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीमुळे फ्रेंच लोकांत राष्ट्रवाद आला म्हणता, मग त्याआधी ते फ्रेंच नव्हते का?” मी थातुरमातुर उत्तर देऊन वेळ मारून नेली, पण घरी आल्यावर चैन पडेना. तिचा प्रश्न अगदी मुळावर बोट ठेवणारा होता. तेव्हापासून हा सगळा धडा त्याच प्रश्नाभोवती रचते. स्वतःच्या स्वतः अभ्यास करणाऱ्यालाही ही पद्धत चालेल.

बॅस्टिलपासून सुरुवात करू नका. तुरुंगावरचा हल्ला तेवढा लक्षात राहतो आणि राष्ट्र बाजूला पडतं. त्याऐवजी फळ्यावर दोन पदव्या शेजारी शेजारी लिहा : ‘फ्रान्स आणि नवारचा राजा’ आणि ‘फ्रेंचांचा राजा’. माणूस एकच, सोळावा लुई. पहिली पदवी वाडवडिलांकडून आलेली, दुसरी १७८९ च्या ऑक्टोबरात राष्ट्रीय सभेने ठरवून दिलेली. आता विचारा, फरक काय? मुलं थोडी घुटमळतात, मग कुणीतरी बरोबर सांगतं : आधी तो मुलखाचा धनी होता, आता लोकांचा राजा झाला. म्हणजे लोक आधी आले. इथे पाच मिनिटं जास्त गेली तरी जाऊ द्या, पुढचं सगळं यावरच उभं आहे.

मग मागे जा आणि ही उलथापालथ कुठे झाली ते दाखवा. ५ मे १७८९ ला व्हर्सायला इस्टेट्स जनरल, म्हणजे वर्गवार प्रतिनिधींची सभा भरली, १६१४ नंतर पहिल्यांदाच. धर्मगुरू, सरदार आणि बाकी सगळे असे तीन वर्ग. जुन्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक वर्गाला एक मत, म्हणजे पहिले दोघे एकत्र आले की तिसरा हरलाच. त्या जानेवारीत सिएस नावाच्या धर्मगुरूने एक पुस्तिका काढून विचारलं होतं, तिसरा वर्ग म्हणजे काय? त्याचं उत्तर होतं, सर्वकाही. १७ जूनला तिसऱ्या वर्गाच्या प्रतिनिधींनी स्वतःला ‘राष्ट्रीय सभा’ म्हणवून घेतलं. माझ्या मते क्रांती त्या नावातच झाली. आम्ही एका वर्गाचे नाही, अख्ख्या राष्ट्राचे, असा तो दावा होता. २६ ऑगस्टच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं तिसरं कलम मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या : सार्वभौमत्वाचं मूळ राष्ट्रात आहे. प्रजेचा नागरिक झाला तो इथे.

पण कागदावर लिहिलं म्हणून गावातल्या शेतकऱ्याला ते जाणवत नाही. त्यासाठी नकाशा काढा. जुन्या फ्रान्समध्ये एका प्रांतातून दुसऱ्यात माल न्यायचा तर वाटेत जकात भरावी लागे, वजनं-मापं गावागणिक वेगळी, कायदेही वेगळे. १७९० मध्ये देशाचे ८३ विभाग पाडले आणि त्यांना जुन्या सरदारी प्रांतांची नव्हे, तर नद्या-डोंगरांची नावं दिली : मार्न, जुरा, व्होज. अंतर्गत जकाती त्याच वर्षी उठवल्या. दशमान मापांचा कायदा १७९५ चा. हा भाग झटपट उरका, फक्त नकाशा वहीत उतरवून घ्या.

भाषेपाशी मात्र थांबा. १७९४ मध्ये ग्रेग्वार या धर्मगुरू-प्रतिनिधींनी सभेपुढे अहवाल ठेवला : किमान ६० लाख फ्रेंच माणसांना फ्रेंच येतच नाही आणि ती शुद्ध बोलणारे ३० लाखांहून जास्त नसावेत. कुणी ब्रेटन बोले, कुणी बास्क, कुणी जर्मनची बोली. त्या मुलीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या आकड्यात आहे. फ्रेंच बोलणाऱ्या लोकांचं राष्ट्र झालं असं घडलं नाही. राष्ट्र आधी ठरलं आणि भाषा त्याच्यासाठी पसरवायला घेतली.

उरलेलं अर्धं उत्तर युद्धात आहे. जून १७९१ मध्ये राजा पळून जाताना व्हारेन गावी पकडला गेला. निष्ठा ठेवायची ती जागाच रिकामी झाली. एप्रिल १७९२ मध्ये ऑस्ट्रियाशी युद्ध सुरू झालं आणि त्याच महिन्यात स्ट्रासबुर्गमध्ये रूझे द लील या लष्करी अधिकाऱ्याने एका रात्रीत गाणं रचलं. मार्सेयचे स्वयंसेवक ते गात जुलैअखेर पॅरिसमध्ये आले म्हणून ते ‘ला मार्सेयेज’. पहिल्याच ओळीत सैनिकांना ‘पितृभूमीची लेकरं’ म्हटलंय, राजाचे चाकर नव्हे. २० सप्टेंबरला व्हाल्मीच्या टेकडीवर सेनापती केलेरमानने टोपी तलवारीच्या टोकावर उंच धरली आणि आरोळी उठली, ‘राष्ट्राचा विजय असो!’ आधीचे सैनिक अशा वेळी राजाचं नाव घेत. दुसऱ्याच दिवशी राजेशाही रद्द झाली.

यानंतर २३ ऑगस्ट १७९३ चा फर्मान वाचा. तरुणांनी लढायला जावं, विवाहित पुरुषांनी शस्त्रं घडवावीत, बायकांनी तंबू आणि कपडे शिवावेत, इस्पितळांत सेवा करावी, मुलांनी जुन्या कापडाचे धागे काढून जखमांसाठी कापूस करावा, म्हाताऱ्यांनी चौकात बसून सैनिकांना धीर द्यावा. मी मुलांना विचारते, तुमच्या वयाच्या पोराला काय काम? मग विचारते, यातून सुटलं कोण? कुणीच नाही. एवढ्या जवळून राज्य आधी कधीच घरात आलं नव्हतं. बायकांना काम मिळालं, मताचा हक्क मात्र नाही, हेही लगेच सांगा.

पश्चिम फ्रान्समधल्या व्हांदे भागातलं बंड गाळू नका. फेब्रुवारी १७९३ मध्ये तीन लाख सैनिक भरतीचा हुकूम निघाला आणि मार्चमध्ये तिथले शेतकरी उठले. धर्मगुरूंवरची राज्यनिष्ठेच्या शपथेची सक्ती त्यांना आधीच सलत होती. त्यांना राष्ट्रापेक्षा आपला पाद्री आणि आपलं गाव जवळचं होतं आणि ते बंड फार निर्दयपणे चिरडलं गेलं. हे सांगितलं नाही तर मुलांना वाटतं, सगळ्यांनी एका सकाळी उठून आनंदाने तिरंगी फीत टोपीला लावली.

शेवटी पुस्तक मिटायला लावते आणि एकच काम देते : १७८८ आणि १७९४ अशा दोन साली ब्रिटनी या फ्रान्सच्या पश्चिमेकडच्या, ब्रेटन बोलणाऱ्या प्रांतातल्या एकाच शेतकऱ्याला ‘तू कोण?’ असं विचारलं, तर तो दोन्ही वेळा काय सांगेल ते दहा ओळींत लिहा. कारणांची यादी पाठ करून आलेली मुलं इथे अडतात. त्यांना परत त्या दोन पदव्यांपाशी नेते.