वीस तारखेलाच पैसे संपतात? पुण्यात शिकणाऱ्यांसाठी महिना काढायची पद्धत

गावाकडून पुण्यात शिकायला आलेल्या पोरापोरींशी पैशांवर बोलायला बसलं की पहिला प्रश्न हमखास येतो, "ताई, एसआयपी कुठली चालू करू?" (म्हणजे म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरलेली रक्कम टाकणं.) आणि त्यालाच विचारलं की मागच्या महिन्यात चहा, पेट्रोल, बाहेरचं खाणं मिळून किती गेले, तर अंदाजही सांगता येत नाही. यात त्याचा काही दोष नाही हो, शाळेत चक्रवाढ व्याजाची गणितं घोटून घेतली पण महिना कसा काढायचा हे कुणीच शिकवलं नाही, आणि रील्सवर तर सगळं गुंतवणुकीचंच चालू असतं. माझं स्पष्ट मत आहे, कॉलेजात किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी करताना गुंतवणूक बाजूला ठेवा, आधी वीस तारीख सांभाळा. लोन अॅप, उधारी, खातं भाड्याने देणं, ऑप्शन ट्रेडिंग ही सगळी लफडी साधारण तेव्हाच सुरू होतात, खात्यात दीडशे रुपये उरलेले असतात आणि घरी फोन करायची लाज वाटत असते.

सगळ्यात आधी दोन खाती करा. एका खात्यात घरचे पैसे येतील, त्याला युपीआय जोडायचं नाही, जोडलेलं असेल तर काढून टाका. दुसरं खातं खर्चाचं, फोनवरचं युपीआय फक्त त्याला. दुसरं खातं उघडताना मिनिमम बॅलन्स किती ठेवावा लागतो ते नक्की विचारा नाहीतर दंडातच पैसे जातील. हे कशासाठी, तर पूर्वी पाचशेची नोट मोडताना हात जरा थांबायचा, आता वीस वीस रुपयांचे स्कॅन दिवसभर होत राहतात आणि काही गेलंय असं वाटतच नाही.

आता हिशोब. समजा घरून १२,००० येतात. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर (खोली वाटून घेऊन, एका कॉटचं भाडं) ४,०००, मेसचे ३,२००, अभ्यासिकेचे १,२००, झाले ८,४००. (तुमचे आकडे वेगळे असतील, तेच घाला.) हे पैसे आले त्याच दिवशी देऊन टाका, पाच तारखेपर्यंत ओढू नका. उरले ३,६००. त्याचे ८०० प्रमाणे चार आठवडे करा, ४०० महिन्याच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांसाठी पहिल्याच खात्यात राहू द्या. दर सोमवारी सकाळी बँकेच्या अॅपमधून ८०० खर्चाच्या खात्यात टाका. बास. शुक्रवारी संपले तर सोमवारपर्यंत कळ काढायची, तीन दिवस ओढाताण होते पण ती झेपण्यासारखी असते, वीस तारखेपासून पुढचे दहा दिवस कोरडे काढणं नाही झेपत. पहिल्या महिन्यात हे हमखास मोडतं, मोडू दे, आकडा बदलून पुढच्या महिन्यात परत चालू करा.

रविवारचा मात्र वेगळा विचार करा. बऱ्याच मेस रविवारी दुपारी फीस्ट देतात आणि रात्री बंद असतात, म्हणजे रात्रीचं जेवण बाहेर, आणि बाहेर गेलं की चारजण मिळून एफसी रोडला जाणार, तिथे आठवड्याचा निम्मा पैसा जातो. तो खर्च आधीच धरा. मेस लावताना खाड्यांचे नियम विचारून घ्या, सलग किती दिवस गेलो नाही तर पैसे वळते होतात, आधी सांगावं लागतं का. दिवाळीत गावी गेलं की याचा फरक कळतो. पुस्तकं अप्पा बळवंत चौकात जुनी मिळतात का ते आधी बघा, नवी नंतर. आणि रूमचं डिपॉझिट देताना किती दिलं, कधी परत मिळणार, सोडायच्या किती दिवस आधी सांगायचं हे मालकाकडून व्हॉट्सअॅपवर तरी लिहून घ्या, खोलीचे फोटो पहिल्याच दिवशी काढून ठेवा.

युपीआय अॅपमध्ये ऑटोपे नावाचा भाग असतो, तो आजच उघडून बघा. फ्री ट्रायल म्हणून चालू केलेली दोन-तीन सबस्क्रिप्शन्स तिथे गुपचूप पैसे कापत बसलेली सापडतील, तिथूनच बंद करता येतात.

आता घरच्यांबद्दल, यावर कुणी बोलत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुम्हाला पैसे एक तारखेला लागतात, पण घरी पैसे एक तारखेला येतातच असं नाही. दुधाचं बिल बऱ्याच डेअऱ्यांमध्ये दहा दिवसांनी होतं, उसाचं बिल कारखान्यावर, कांदा भावावर. वडील नोकरीत असतील तर गोष्ट सोपी, नसतील तर एकदा बसून सरळ विचारा, "पप्पा, आपल्याकडे पैसे कधी कधी येतात?" बरेच वडील हे मुलांना सांगत नाहीत, त्यांना वाटतं पोराला कशाला टेन्शन, आणि मुलाला वाटतं घरी सगळं निवांत आहे. एकदा कळलं की सेमिस्टरची फी, फॉर्मचे पैसे, रूमचं रिन्यूअल हे कधी मागायचं ते ठरवता येतं. आणि पैसे कमी पडणार असं दिसलं तर दहा-बारा तारखेलाच आईला सांगा. वीस तारखेला सांगितलं की तिला शेजारी हात पसरावा लागतो, दहाला सांगितलं तर ती काहीतरी जमवते.

तरीही अडलात तर काय करायचं नाही, ते ऐका.

लोन अॅप. ५,००० मंजूर म्हणतात, प्रोसेसिंग कापून ३,८०० हातात देतात आणि पंधरा दिवसांत ५,००० मागतात. ३,८०० वर १,२०० म्हणजे पंधरा दिवसांत ३१ टक्क्यांहून जास्त. रिझर्व्ह बँकेचे नियम असे की अॅपमागे बँक किंवा एनबीएफसी (बँक नसलेली पण नोंदणी असलेली वित्त कंपनी) असली पाहिजे, कर्ज देण्याआधी वर्षाचा एकूण दर लिहिलेला कागद तुम्हाला मिळाला पाहिजे, आणि घेतल्यावर विचार बदलला तर दंड न भरता परत करायला किमान एक दिवस मिळाला पाहिजे. कॉन्टॅक्ट्स आणि गॅलरीची परमिशन मागणारं अॅप तिथल्या तिथे डिलीट करा.

खातं भाड्याने देणं तर त्याहून वाईट. "फक्त तुझ्या खात्यात पैसे येतील, काढून दे, तुला दोन हजार" असं हॉस्टेलवर कुणीतरी मित्राचा मित्र सांगतो. ते पैसे बहुतेक कुणातरी फसवलेल्या माणसाचे असतात, खातं गोठतं, पोलीस तुम्हाला शोधत येतात कारण नाव तुमचं असतं, आणि सरकारी नोकरीची तयारी करणाऱ्यासाठी हे किती महागात पडेल ते वेगळं सांगायला नको. पासबुक, एटीएम कार्ड, सिम, काहीच कुणाला द्यायचं नाही, जिवलग मित्रालाही नाही. तुमचीच फसवणूक झाली तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितक्या लवकर कराल तितके पैसे मध्येच अडवता येण्याची शक्यता जास्त. आणि पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, हे घरी आईलाही सांगा.

ऑप्शन ट्रेडिंग म्हणजे शेअरचा भाव पुढे वर जाईल की खाली यावर लावलेले जोखमीचे सौदे. त्याबद्दल सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिले, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात, सरासरी तोटा सुमारे २ लाख. फीच्या पैशांनी हे करणाऱ्या मुलांनी हा आकडा लिहून टेबलावर चिकटवावा, मनापासून सांगते.

थोडे पैसे साठायला लागले की आधी महिनाभराच्या खर्चाइतके बाजूला काढा, एफडी किंवा आरडीत. कुठे ठेवता ते महत्त्वाचं. बँकेत, सहकारी असली तरी, एका माणसाच्या एका बँकेतल्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवींना विमा असतो. पुणेकरांना रुपी बँक आठवत असेल, २०१३ ला निर्बंध आले आणि २०२२ ला लायसन्स रद्द झालं, पण याच विम्याने ५ लाखांपर्यंतचे ठेवीदार वाचले. पतसंस्थेला हा विमा लागू नाही, भिशीला तर नाहीच, म्हणून जास्त व्याज ऐकून फीचे पैसे तिथे ठेवू नका.

आणि नोकरी लागली, हिंजवडीत असो की चाकणला, की ऑफर लेटरवरच्या सीटीसीला (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) बाराने भागून रूम शोधायला निघू नका. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि बऱ्याचदा ग्रॅच्युइटीही (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) धरलेली असते, वर तुमच्या पगारातून तुमचा पीएफ कापला जातो, व्यवसाय कर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० जातो (महिलांना २५,००० पर्यंतच्या पगारावर माफ आहे). एचआरला सरळ विचारा, हातात किती येणार. मग दोन खात्यांची तीच पद्धत पगारावर लावा, घरी पाठवायची रक्कम पहिल्याच दिवशी बाजूला काढा. पीएफचा युएएन नंबर (तुमच्या पीएफचा कायमचा ओळख क्रमांक) जपून ठेवा, नोकरी बदललीत तर नव्या कंपनीत तोच द्या आणि जुना पीएफ काढून न घेता ट्रान्सफर करा.